आधी कॉफी, मग उपदेश

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्या मराठी माणसाकडे भारतातून पाहुणे आले की त्यांना कुठे कुठे न्यायचं याची यादी ठरलेली असते. नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि हाताशी एखादा दिवस उरलाच तर गेटिसबर्ग. मी फिलाडेल्फियाच्या परिसरात राहतो, त्यामुळे माझ्या वाट्याला गेटिसबर्ग जरा जास्तच येतं. पाहुणे तोफांशेजारी उभे राहून फोटो काढतात, लिंकनचं भाषण नेमकं कुठे झालं ते विचारतात आणि जेवायच्या वेळेपर्यंत परत निघतात. लढाई कशी झाली, कोणता सेनापती कुठे चुकला, हे सांगणारी पुस्तकं तिथे ढिगाने मिळतात. मात्र लढाई संपल्यावर, ४ जुलै १८६३ च्या सकाळी तिथे काय परिस्थिती होती, हा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही. या लेखाचा विषय तो प्रश्न आहे.

त्या सकाळी पाऊस पडत होता. तीन दिवसांत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ५१,००० सैनिक मेले, जखमी झाले, पकडले गेले किंवा बेपत्ता झाले होते. गावाची वस्ती होती अवघी २,४०० च्या आसपास आणि मागे राहिलेल्या जखमींचा आकडा होता २०,००० च्या वर. चर्च, शाळा, गोठे, राहती घरं, सगळीकडे माणसं पडलेली. दक्षिणेचं सैन्य माघारी निघालं, उत्तरेचं त्याच्या पाठलागावर गेलं आणि पुढे पुन्हा लढाई होणार या अपेक्षेने आपले बहुतेक डॉक्टर बरोबर घेऊन गेलं. अशा वेळी या माणसांना पाणी कोण पाजणार, त्यांच्या घरी कोण कळवणार, आणि मेले तर कुठल्या गावचा कोण हे कोण लिहून ठेवणार?

ज्यांनी हे केलं त्यांत गावकरी होते, सैन्याचे मागे राहिलेले थोडे डॉक्टर होते, कॅथलिक जोगिणी होत्या आणि दोन मोठ्या स्वयंसेवी संस्थांची माणसं होती. त्यांतल्या एका संस्थेचं नाव युनायटेड स्टेट्स ख्रिश्चन कमिशन. आज ते नाव अमेरिकनांनाही फारसं आठवत नाही. मला मात्र तिची हकिकत आपल्यासारख्या, देणग्या गोळा करून दूरवर पाठवणाऱ्या मंडळींनी मुद्दाम वाचावी अशी वाटते.

फिलाडेल्फियाचा दुकानदार

१८६१ च्या एप्रिलमध्ये यादवी युद्ध पेटलं तेव्हा अमेरिकेचं खडं सैन्य जेमतेम सोळा हजारांचं होतं. काही महिन्यांत लाखो तरुण भरती झाले. बहुतेक शेतकऱ्यांची मुलं. कित्येकांनी आपल्या गावाची वेसही कधी ओलांडलेली नव्हती. २१ जुलैला बुल रन इथे उत्तरेच्या सैन्याची दाणादाण उडाली आणि हे प्रकरण चार दिवसांचं नाही हे सगळ्यांना कळून चुकलं. या युद्धात दोन्ही बाजूंचे मिळून सहा लाखांहून अधिक सैनिक मेले आणि त्यांतले जवळजवळ दोन तृतीयांश हगवण, विषमज्वर, गोवर असल्या रोगांनी मेले. शत्रूच्या गोळीपेक्षा छावणीतलं पाणी जास्त घातक होतं.

सरकारी यंत्रणा याला पुरी पडणार नव्हती. म्हणून जून १८६१ मध्ये सरकारच्या मान्यतेने सॅनिटरी कमिशन स्थापन झालं. त्याचे अध्यक्ष हेन्री बेलोज हे धर्मगुरू होते आणि कारभार पाहणारे चिटणीस होते फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड, म्हणजे न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखणारे गृहस्थ. त्यांची पद्धत शास्त्रशुद्ध होती: पगारी माणसं, आकडेवारी, तपासणी, गोदामं, आणि सगळी मदत सैन्याच्या अधिकाऱ्यांमार्फत.

दुसरी संस्था त्याच वर्षी १४ आणि १५ नोव्हेंबरला न्यूयॉर्कमध्ये वायएमसीएच्या प्रतिनिधींच्या सभेत जन्माला आली. ती ख्रिश्चन कमिशन. तिचे अध्यक्ष झाले जॉर्ज स्टुअर्ट. आयर्लंडमध्ये जन्मलेला, फिलाडेल्फियात कापडाच्या व्यापारात जम बसवलेला हा सनातनी वळणाचा गृहस्थ. संस्थेला कचेरी हवी होती, तर त्यांनी आपल्या दुकानातलीच जागा दिली. व्यापारी माणूस असल्याने आगगाडीच्या कंपन्यांकडून फुकट प्रवास आणि तारकंपन्यांकडून फुकट तारा मिळवणं त्यांना चांगलं जमलं.

या संस्थेची कल्पना साधी होती. घरच्या लोकांनी दिलेली वस्तू सैनिकाच्या हातात घरच्याच माणसाने नेऊन द्यायची. त्यासाठी पगारी नोकर नकोत. पाद्री, व्यापारी, शिक्षक, विद्यार्थी यांनी साधारण सहा आठवड्यांची रजा काढून, एक पैसा न घेता आघाडीवर जायचं, सेवा करायची आणि परत यायचं. अशा माणसाला डेलिगेट म्हणत. युद्धाच्या चार वर्षांत असे जवळजवळ ४,९०० डेलिगेट गेले. पुढे जगप्रसिद्ध प्रवचनकार झालेले ड्वाइट मूडी त्यांच्यातच होते. तेव्हा ते शिकागोतले विशीतले तरुण होते.

मूळ उद्देश अर्थात धार्मिक होता, आणि ते तो लपवत नव्हते. घरापासून तुटलेला तरुण दारू, जुगार आणि शिवीगाळ यांत वाहून जाईल, त्याला बायबल द्यावं, प्रार्थनेला बसवावं, मरताना त्याच्याजवळ असावं, हा हेतू. पहिल्या काही महिन्यांत खोकी भरभरून पुस्तिका गेल्या. पण इस्पितळाच्या तंबूत पाऊल टाकल्यावर या भल्या माणसांना जे दिसलं त्याने त्यांच्या कामाची दिशा पालटली. दोन दिवस अन्न न मिळालेल्या, रक्ताने कडक झालेला सदरा अंगाला चिकटलेल्या माणसाला पुस्तिका काय कामाची? आपल्याकडे 'आधी पोटोबा, मग विठोबा' म्हणतात. फिलाडेल्फियाच्या त्या पाद्र्यांना ही म्हण कुणी शिकवली नव्हती. ती त्यांना तंबूत उमगली.

बादली, कंदील आणि कागद

आघाडीवर निघालेल्या डेलिगेटच्या सामानात बायबलच्या जोडीला घोंगडी, कंदील, बादली, पेला आणि टिपणवही आली. जखमा धुवायच्या, कपडे बदलायचे, पाणी पाजायचं, सरबत करून द्यायचं. घरोघरच्या बायका आणि रविवारच्या शाळेतली मुलं सैनिकांसाठी कापडी बटवे शिवत. त्यांत सुया, दोरा, बटणं आणि बहुधा एखादी चिठ्ठी. आईपासून शेकडो मैल दूर असलेल्या मुलाला बटणापेक्षा ती चिठ्ठी मोलाची वाटली तर नवल नाही.

पत्रांचं काम सर्वांत मोठं. काँग्रेसने जुलै १८६१ मध्येच सैनिकांना तिकीट न लावता पत्र टाकायची मुभा दिली होती. पैसे घेणाऱ्याने भरायचे. पण कागद कुठून आणायचा, आणि उजवा हात गेलेल्याने लिहायचं कसं? कमिशनने कागद आणि पाकिटं वाटली. कागदाच्या डोक्यावर चोचीत पत्र धरलेलं कबुतर छापलेलं असे. जे लिहू शकत नव्हते त्यांच्यासाठी डेलिगेट खाटेशेजारी बसून लिहीत. संस्थेच्या हिशेबात अशा पत्रांची नोंद आहे: ९२,००० च्या वर. त्यांतली कित्येक त्या माणसाची शेवटची होती.

आणखी एक वस्तू सांगतो. त्या काळी सैनिकाच्या गळ्यात ओळखीचा बिल्ला नसे. मोठ्या लढाईनंतर हजारो प्रेतं 'अज्ञात' म्हणून पुरली जात. गेटिसबर्गच्या राष्ट्रीय दफनभूमीत नुसते क्रमांक कोरलेल्या दगडांच्या रांगा आहेत त्या याच. कमिशनने चर्मपत्राचे छोटे तुकडे छापून वाटले. त्यावर नाव, पलटण आणि घरचा पत्ता लिहायचा आणि दोरीने गळ्यात अडकवायचा. काम क्षुल्लक, खर्च जवळजवळ शून्य. पण मुलगा जिवंत आहे की मेला हे न कळता वर्षानुवर्षं झुरणाऱ्या घराच्या दृष्टीने त्या चिठोऱ्याची किंमत कोण करणार?

आणि मग कॉफी. यादवी युद्धातल्या सैनिकाच्या डायऱ्या वाचल्या तर त्यांत कॉफीचा उल्लेख पानोपानी येतो. फिलाडेल्फियाच्या जेकब डंटन नावाच्या माणसाने तोफेच्या गाड्यासारख्या गाड्यावर बंब बसवून एक फिरतं कॉफीयंत्र तयार केलं आणि ते कमिशनच्या कामी आलं. खाली विस्तव, वर तीन मोठी भांडी, आणि गाडा चालत असतानाच कॉफी उकळायची. तासाला सुमारे १०० गॅलन. लढाईहून परतणाऱ्या, पावसात भिजलेल्या पलटणीच्या वाटेवर हा गाडा उभा राही. सैनिकांनी त्याचं नाव ठेवलं होतं 'ख्रिश्चन हलका तोफखाना'. या तोफखान्याची वाट सगळेच पाहत असत.

विटेनमायर बाईंचं पथ्य

या साऱ्या कथेत मला सर्वांत शहाणं वाटतं ते एका बाईचं काम. ॲनी विटेनमायर या आयोवा राज्यातल्या किओकक गावच्या विधवा. १८६२ च्या जानेवारीत त्या मिझुरीतल्या एका लष्करी इस्पितळात गेल्या असताना समोर एक आजारी पोरगा न्याहारीची थाळी हाताने दूर सारताना दिसला. पाहतात तो त्यांचाच धाकटा भाऊ. थाळीत होतं काय? काळी कॉफी, तुपकट डुकराचं मांस आणि पाव. विषमज्वराने खंगलेल्या माणसाला हे! भाऊ वाचला, पण ती थाळी बाईंच्या मनातून गेली नाही.

इस्पितळात वस्तू कमी नव्हत्या. देशभरच्या बायका मुरांबे, लोणची, केक, कोंबड्या पाठवत होत्या. कळवळ्याने आलेल्या स्त्रिया खाटांमधून फिरत आणि ज्याला जे आवडेल ते भरवत. हगवणीच्या रोग्याला लोणचं आणि केक! आजाऱ्याला भेटायला जाताना डबा घेऊन जाण्याची हौस आपल्यालाही आहे, तेव्हा या बायकांना हसायचं कारण नाही. पण डॉक्टर वैतागत आणि त्यांचं चूक नव्हतं.

बाईंनी १८६४ मध्ये ख्रिश्चन कमिशनच्या आधाराने 'पथ्याची स्वयंपाकघरं' सुरू केली. पहिलं टेनेसीतल्या नॅशव्हिल इथे. प्रत्येक ठिकाणी दोन जाणत्या स्त्रिया व्यवस्थापक म्हणून. प्रत्येक गंभीर रोग्याच्या नावाने डॉक्टरने चिठ्ठी लिहायची: याला पेज, त्याला मांसाचा रस, तिसऱ्याला चहा आणि भाजलेला पाव. चिठ्ठीप्रमाणे ताट तयार व्हायचं आणि त्या खाटेवर पोचायचं. व्यवस्थापक बाईंनी स्वतःच्या मनाने कुणाला काही भरवायचं नाही, डॉक्टरांच्या कामात ढवळाढवळ करायची नाही, आणि एखाद्या लाडक्या रोग्याचे वेगळे लाड करायचे नाहीत. युद्ध संपेपर्यंत अशी शंभराहून अधिक स्वयंपाकघरं चालू झाली. लष्कराच्या इस्पितळात प्रत्येक रोग्याला त्याच्या आजाराप्रमाणे आहार, ही गोष्ट तिथून रुळू लागली.

यात मायेला मुरड घातली असं कुणाला वाटेल. मला वाटतं, माया इथे वयात आली. देणाऱ्याला काय द्यावंसं वाटतं हे मागे पडलं आणि घेणाऱ्याला काय मानवतं हे पुढे आलं.

या बाईंचं एक लांबचं नातं आपल्याशीही लागतं. १८७४ मध्ये क्लीव्हलंडला स्थापन झालेल्या स्त्रियांच्या मद्यपानविरोधी ख्रिस्ती संघटनेच्या त्या पहिल्या अध्यक्ष. याच संघटनेच्या व्यासपीठावरून पुढे पंडिता रमाबाई बोलल्या. रमाबाई १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला आल्या, म्हणजे स्टुअर्टच्याच गावी. दोन वर्षं त्या अमेरिकेत हिंडल्या आणि १८८९ मध्ये 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक मराठीत लिहिलं. अमेरिकन बायका एकत्र येऊन संस्था कशा चालवतात याचं रमाबाईंना जे कौतुक वाटलं, त्या संस्था चालवायला यांतल्या कित्येकजणी शिकल्या होत्या त्या यादवी युद्धातल्या मदतकार्यात.

दुसरी बाजू

इथवर वाचून ही सगळी संतमंडळी होती असं वाटेल, तर तसं नाही. युद्धकाळातला एक किस्सा अजून सांगितला जातो: दोन्ही पाय कापलेल्या सैनिकाच्या हातात कुणी भल्या माणसाने पुस्तिका ठेवली, ती निघाली नाचाच्या दुष्परिणामांवर! किस्सा खरा असो वा रचलेला, सैनिकांना काय बोचत होतं ते त्यातून कळतं.

सॅनिटरी कमिशनची तक्रार अधिक गंभीर होती. सहा आठवड्यांसाठी येणारा माणूस काम शिकेपर्यंत त्याची परत जायची वेळ होते. दोन संस्थांमुळे देणगीदार गोंधळतात. आणि भावनेच्या भरात हातोहात वाटलेली मदत जिथे गरज आहे तिथेच पोचते असं नाही. यात तथ्य होतं. ख्रिश्चन कमिशनचं उत्तर असं, की गोदामातून आलेल्या घोंगडीने अंग गरम होतं, पण ती कुणीतरी आपल्या अंगावर पांघरली याने माणूस सावरतो. यातही तथ्य होतं. दीडशे वर्षं उलटून गेली, पण जगातल्या प्रत्येक मदतकार्यात हा वाद आजही जसाच्या तसा चालू असतो.

आणखी एक उणीव. डेलिगेट व्हायला इव्हँजेलिकल पंथाच्या चर्चचं सभासदत्व लागे. कॅथलिक, ज्यू, युनिटेरियन यांना दार बंद, आणि स्त्रियांना डेलिगेट म्हणून सहसा प्रवेश नाही. मदत मात्र सर्वांना होती; गेटिसबर्गला शत्रूच्या जखमींनाही मिळाली. नियमांच्या काटेकोर भाषेत जो बसला नसता असा एक माणूसही त्यांच्या यादीत सापडतो: कवी वॉल्ट व्हिटमन. डिसेंबर १८६२ मध्ये जखमी भावाच्या शोधात तो व्हर्जिनियात गेला आणि पुढची वर्षं वॉशिंग्टनच्या इस्पितळांत राबला. जानेवारी १८६३ मध्ये त्याला ख्रिश्चन कमिशनचं डेलिगेटपत्र मिळालं. चर्चशी त्याचा संबंध बेताचाच. खिशात संत्री, तंबाखू, कागद, सुटी नाणी घेऊन तो खाटांमधून फिरे, पत्रं लिहून देई, नुसता बसून राही. पगारी मदतनिसांवर त्याचा राग होता. पैसे न घेता सगळीकडे जाणाऱ्या ख्रिश्चन कमिशनच्या लोकांबद्दल मात्र त्याने आईला लिहिलेल्या पत्रात चांगलं म्हटलं आहे.

उत्तरेच्या सैन्यात अखेरपर्यंत सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक दाखल झाले. त्यांतले बहुसंख्य गुलामीतून आलेले, आणि गुलामांना अक्षर शिकवणं दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत गुन्हा होता. कमिशनने पलटणींना प्रार्थनामंदिरांसाठी कॅनव्हासची छपरं दिली होती. सैनिक लाकडी ओंडक्यांच्या भिंती स्वतः उभारत. १८६४-६५ च्या हिवाळ्यात अशाच झोपड्यांत कृष्णवर्णीय पलटणींच्या शाळा भरल्या आणि डेलिगेट मास्तर झाले. बंदूक खाली ठेवून अंकलिपी हातात घेणारा तो पंचविशीतला विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा. धर्मग्रंथ वाचता यावा म्हणून शिकवलेली अक्षरं पुढे त्याला मजुरीचा करार वाचायलाही उपयोगी पडली असतील.

२९ जानेवारी १८६५ ला संस्थेची वार्षिक सभा वॉशिंग्टनला प्रतिनिधिगृहाच्या दालनात भरली आणि लिंकन स्वतः येऊन बसला. फिलिप फिलिप्स नावाच्या गायकाने 'युअर मिशन' हे गीत म्हटलं. मोठं काही करता आलं नाही तरी आपल्या हाताजोगं काम करावं, अशा अर्थाचं. लिंकनने स्टुअर्टकडे चिठ्ठी पाठवली की शेवटी हे गाणं पुन्हा होऊ द्या, पण मी सांगितलं असं म्हणू नका. अडीच महिन्यांनी त्याची हत्या झाली.

युद्ध संपलं आणि फेब्रुवारी १८६६ मध्ये याच दालनात शेवटची सभा घेऊन ख्रिश्चन कमिशन बरखास्त झालं. रोकड आणि वस्तू मिळून बासष्ट लाख डॉलरच्या वरचा हिशेब त्यांनी मांडला. काम संपल्यावर संस्था बंद करणं हेही सगळ्यांना जमत नाही, हे आपल्या मंडळांच्या इतिहासावरून आपण जाणतोच!

मेसोपोटेमियातले मराठे

संस्था संपली, पण रीत वायएमसीएने पुढे चालू ठेवली. पहिल्या महायुद्धात १९१४ च्या सप्टेंबरअखेर भारतीय फौजा फ्रान्समध्ये मार्सेय बंदरात उतरल्या. हजारो मैल दूर, थंडीने गारठलेले, आजूबाजूची भाषा न समजणारे आणि बहुतांशी निरक्षर शिपाई. त्यांच्यासाठी वायएमसीएने तंबू आणि झोपड्या उभारल्या. भारतातल्या वायएमसीएचे अमेरिकन चिटणीस एडवर्ड कार्टर या कामात पुढे होते. मात्र एक अट होती: भारतीय शिपायांत धर्मप्रसार अजिबात करायचा नाही. १८५७ साली शिपायांचा धर्म बुडवला जातो या संशयाने काय घडलं, हे इंग्रज सरकार विसरलं नव्हतं.

म्हणजे आता उपदेश वजाच झाला. उरलं काय? चहा, ग्रामोफोन, खेळ, लिहायला मेज आणि शिपाई सांगेल ते पत्र लिहून देणारा माणूस. गेटिसबर्गच्या तंबूत जी बादली आणि जो कागद होता, तोच इथे.

१९१५ च्या अखेरीस भारतीय पायदळ फ्रान्समधून मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकमध्ये हलवलं गेलं. तिथे आधीपासून लढत होती ती ६वी पूना डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. कोकण आणि देशावरच्या खेड्यांतली पोरं. कुतच्या वेढ्यात ही डिव्हिजन अडकली. अन्न संपत आलं, घोडे मारून खायची वेळ आली, आणि अनेक हिंदी शिपायांनी धर्माला चालत नाही म्हणून ते मांस नाकारलं. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि त्यानंतरच्या कैदेत हजारोंनी माणसं मेली. त्या वेढ्यात कुणाचा कॉफीचा गाडा पोचू शकत नव्हता. पण बसऱ्यापासून पुढे जसजशा छावण्या पसरल्या तसतसे वायएमसीएचे तंबूही तिथे लागले. त्याच १९१६ साली के. टी. पॉल हे भारतीय वायएमसीएचे पहिले भारतीय सरचिटणीस झाले.

अमेरिका युद्धात उतरल्यावर १९१७ मध्ये साल्व्हेशन आर्मीच्या दोन तरुणी, हेलन पर्व्हियन्स आणि मार्गारेट शेल्डन, फ्रान्समध्ये आघाडीजवळ होत्या. सामान तुटपुंजं: पीठ, साखर, चरबी. लाटणं नव्हतं तर बाटलीने लाटून त्यांनी डोनट तळले. बाहेर चिखलात सैनिकांची रांग लागली. अमेरिकेत त्या पोरींना 'डोनट गर्ल्स' हे नाव पडलं ते कायमचं. पुढे १९४१ मध्ये सैनिकांच्या सोयीसाठी यूएसओ ही संस्था निघाली तेव्हा प्रॉटेस्टंट, कॅथलिक आणि ज्यू संघटना एकत्र बसल्या. १८६१ मधलं बंद दार ऐंशी वर्षांनी उघडलं.

आपल्यापुरतं

वाचकहो, हा इतिहास परक्या धर्माच्या, परक्या देशाच्या लोकांचा असं म्हणून बाजूला ठेवता येईल. पण आपण या देशात राहतो आणि आपली मुलं इथे वाढली आहेत. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळातल्या एका कुटुंबातला मुलगा अमेरिकेच्या सैन्यातून इराकला गेला. कार्यकारिणीत चर्चा निघाली, त्याला काय पाठवायचं? एक काका म्हणाले, रामरक्षेची पुस्तिका. एक काकू म्हणाल्या, चिवडा आणि चकल्या. त्याची आई नुसती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "अहो, त्यालाच विचारते ना." उत्तर आलं: पायमोजे, ओल्या पुसण्या आणि कॉफी, शिवाय आपल्या तुकडीत दोघांना घरून काहीच येत नाही, तर तीन जणांपुरतं पाठवा. तसं पाठवलं. काकूंनी चिवडाही टाकला आणि तो तिघांनी संपवला असं नंतर कळलं. रामरक्षा त्याच्या आजीने आधीच त्याच्या पाकिटात घातली होती, म्हणजे त्याची सोय झालेली होती.

त्या युद्धाबद्दल आमच्या मंडळात एकमत नव्हतं. कडाक्याचे वाद झाले. पण खोकं भरताना वाद करणारे दोघे एकाच टेबलाशी उभे होते. युद्ध योग्य की अयोग्य हे ठरवायला मतपेटी आहे. त्या मुलाचे पाय ओले आहेत याला मात्र पायमोजेच लागतात.

१९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीला भूकंप झाला, २००१ च्या जानेवारीत भूजला झाला. परदेशातल्या मराठी माणसांनी त्या वेळी सढळ हाताने दिलं. पुढेही देऊ. फक्त देताना विटेनमायर बाईंची ती चिठ्ठी आठवावी. ताट वाढण्याआधी खाटेवरच्या माणसाला काय चालतं हे विचारणारी. स्टुअर्टच्या माणसांकडे श्रद्धा होती, पैसा होता, छापखाना होता. पण त्यांचं नाव सैनिकांच्या तोंडी राहिलं ते कंदील घेऊन चिखलातून चालत गेल्यामुळे, आणि पुस्तिका खिशात ठेवून आधी पाण्याचा पेला पुढे केल्यामुळे. ज्यांनी पाणी प्यायलं त्यांच्यातल्या कित्येकांनी नंतर स्वतःहून ती पुस्तिकाही मागून घेतली. ज्यांनी नाही मागितली, त्यांच्यासाठी डेलिगेटने पत्र लिहिलंच.